अंगणातली सदाफुली

मलकापूरकडे वैशाखात पारा 44 अंशांवर जातो. पिण्याच्या पाण्याचीच ओढ, मग फुलझाडाला हंडा रिकामा करायला सून धजत नाही, आणि सासूबाईंचेही चुकते असे नाही. भगिनींनो, अशा अंगणात सदाफुली लावा. ही मूळची मादागास्कर बेटाची, पण आता आपल्याच गावची झाली आहे. एकदा लावली की काही वर्षे टिकते, बारमाही फुलते, देवाला रोज फुले होतात. शेळ्याही सहसा तिला तोंड लावीत नाहीत.

ती मरते ती उन्हाने नव्हे, पाण्याने. पहिल्या वर्षी मी सहा रोपे सरळ काळ्या जमिनीत लावली, हौसेने रोज पाणी घातले. श्रावणझडीत बुंध्याशी काळी पडून सहाच्या सहा गेली. ओट्याच्या दगडाच्या फटीत कोणी न लावता उगवलेले एक मात्र दिवाळीनंतरही फुलत होते!

म्हणून दिवसभर ऊन लागेल अशा जागी वीतभर उंच वाफा करा. काळ्या मातीच्या दोन पाट्यांना मुरूम किंवा वाळूची एक पाटी, वर थोडेच कुजलेले शेणखत. खत जास्त झाले की नुसता पाला माजतो. मृगाच्या पावसावर बी टाकून मातीने झाका. उजेडात ते नीट उगवत नाही. रोपे फूटभर अंतरावर लावा, वीतभर झाली की शेंडा खुडा. मुळे धरल्यावर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा डाळ-तांदूळ धुतलेले पाणी पुरते. दुपारी पाने मिटली तरी घाबरू नका, सकाळी ती पुन्हा ताठ होतात.

एक मात्र बजावून सांगते. साखरेच्या विकारावर हिची पाने चावून खाणारे घरोघर आहेत. तसे करू नका, झाड विषारी आहे. कॅनडात शास्त्रज्ञांनी मधुमेहासाठीच हा पाला तपासला. उंदरांची साखर उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातूनच 1958 साली रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी व्हिनब्लास्टिन वेगळे केले. पुढे याच झाडातून मिळालेले व्हिनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात. पण ते शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या हातून. घरच्या काढ्याला असे माप नसते. साखरेची गोळी चालू असेल तर ती सोडून पाल्याच्या नादी मुळीच लागू नका.

शेंगा पिवळट झाल्या की तडकण्याआधी तोडा. आतले काळे बारीक बी सावलीत वाळवून चिंधीत बांधून ठेवा, शेजारणीलाही चिमूटभर द्या.