शिष्यवृत्ती म्हणजे दान नव्हे

माझी हुशार भाची बी.एस्सी.ला जाणार. ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीचा अर्ज भर म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, “आपल्याला कशाला? ते गरजूंचं.”

केंद्राने २००८ साली सुरू केलेल्या या योजनेत उत्पन्नाची अट नाही. बारावीला बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी ती आहे. वर्षाला ८०,००० रुपये, एम.एस्सी.पर्यंत जास्तीत जास्त पाच वर्षं. हा तिच्या कष्टाचा मान! शिवाय मग “खर्च पुरे, आता स्थळं बघू” असं कोण म्हणेल?

पद्मश्री सुमतीबाई शहांच्या सोलापुरात आपणच संकोच करायचा? दुसऱ्याच्या ज्ञानात अंतराय आणला तर ज्ञानावरणीय कर्म बांधलं जातं, हे स्वाध्यायात ऐकतोच. लेकीच्या बाबतीतही ते लक्षात ठेवूया.