घरगुती राक्षस आणि त्याचा नंबर

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या मंडळींत डीएम लोकांच्या दोन जाती असतात. एक, पुस्तकातले राक्षस जसेच्या तसे वापरणारी. दुसरी, रात्री एक वाजता एक्सेल उघडून स्वतःचा राक्षस घडवणारी. मी दुसऱ्या जातीतला, हे सांगायला नकोच. आणि या जातीला पडणारा प्रश्न कायम एकच: "हा किती सीआरचा धरू?"

सीआर म्हणजे चॅलेंज रेटिंग. 2000 साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर हा आकडा आला. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत त्याचा अर्थ असा: नीट विश्रांती घेतलेले, बरी हत्यारं असलेले चार जण ज्या लेव्हलला असतील, तेवढ्या सीआरचा राक्षस त्यांनी कुणीही न मरता हरवायला हवा. वाचायला छान आहे. पण माझं म्हणणं असं की कठीणपणा हा राक्षसाच्या अंगाला चिकटलेला गुण नाहीच मुळी. तो राक्षस, समोरचे चौघं, जागा आणि त्या दिवशी आधी काय काय झालंय, या सगळ्यांचा मिळून असतो. सर्व्हर किती लोड घेईल हे नुसत्या रॅमवरून सांगता येतं का? तसंच आहे हे.

2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये राक्षस बनवायचा एक तक्ता आहे. हिट पॉइंट आणि आर्मर क्लासवरून बचावाचा सीआर, दर राउंडला होणाऱ्या डॅमेजवरून हल्ल्याचा सीआर, आणि दोघांची सरासरी. इंजिनिअरला आवडेल असंच सगळं. आता सीआर 3 ची ओळ बघा: राउंडला 21 ते 26 डॅमेज. आणि तिसऱ्या लेव्हलच्या साध्यासुध्या विझार्डकडे हिट पॉइंट किती? 17 च्या आसपास. म्हणजे पुस्तकाच्या हिशोबाने एकदम 'योग्य' असलेल्या राक्षसाने पहिल्याच राउंडला सगळे वार विझार्डवर केले आणि ते लागले, तर तो आडवा! सरासरी बरोबरच असते हो, पण सरासरी कुणी खेळत नाही.

त्याहून वाईट म्हणजे एका फाशावर निकाल लावणाऱ्या शक्ती. यात पुस्तकवालेही काही साळसूद नाहीत. 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला इंटलेक्ट डिव्हाउरर घ्या. सीआर 2, हिट पॉइंट फक्त 21. पण त्याच्या नजरेच्या टप्प्यात आठ बुद्धीचा फायटर आला, की सेव्ह चुकायची शक्यता 60 टक्के, आणि पुढे तीन फाशांची बेरीज आठ किंवा जास्त यायची 84 टक्के. गुणाकार करा. एका खेपेत निम्मी शक्यता की तुमचा फायटर बुद्धी शून्य होऊन ढिम्म उभा. बरं करायला ग्रेटर रिस्टोरेशन लागतं, ते क्लेरिकला नवव्या लेव्हलला मिळतं. सीआर 2 म्हणे!

आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण कुठल्याशा दुसऱ्या ग्रुपमध्ये पहिल्यांदा खेळायला गेली होती. तिथल्या डीएमच्या घरगुती राक्षसाने अशाच एका फाशात तिचं कॅरेक्टर दगड करून टाकलं. पहिल्या तासात. उरलेले तीन तास ती वेफर्स खात बसली आणि परत कधी गेली नाही. लोकांना महिन्यातून दोन शनिवार मिळतात, त्यातही एखादा ऑन-कॉलमध्ये जातो. तेव्हा हा आकडा नीट काढणं म्हणजे नुसता गीकपणा नाही.

जागेचं बघू. मी कोकणातल्या गोष्टींमधला गिऱ्हा बनवलाय, पाण्यातलं भूत. हिट पॉइंट 78, दर राउंडला सरासरी 12 डॅमेज. पार्टी तिसऱ्या लेव्हलची. प्रत्येकाचा वार 65 टक्के वेळा लागतो आणि लागला की साधारण 10 जातात. म्हणजे राउंडला 26, तीन राउंडमध्ये गिऱ्हा खलास. तोवर पार्टीच्या एकूण 93 मधले 36 गेलेले असतात. आता हेच चौघं तलवारी-कुऱ्हाडी घेऊन पाण्यात उतरले असं धरा. पोहण्याचा वेग नसेल तर या हत्यारांना डिसअॅडव्हांटेज; 65 चे होतात 42 टक्के. राउंडला 17, म्हणजे पाच राउंड, म्हणजे 60 हिट पॉइंट गेले. काठावर जी चकमक होती ती पाण्यात जिवावर बेतते. गिऱ्ह्याच्या कागदावर एक अक्षर बदललेलं नाही! आणि गंमत म्हणजे भाले आणि खंजीर असलेल्या पार्टीला याने काही फरक पडत नाही, कारण ती हत्यारं पाण्यातही नीट चालतात. (बुडवून मारायची भीती मात्र फुकाची. नियमाप्रमाणे माणूस काही मिनिटं श्वास धरतो आणि एका मिनिटात दहा राउंड असतात. तेवढ्यात लढाई संपून चहा होतो.)

म्हणून मी तक्ता फक्त सुरुवातीला बघतो. खरा हिशोब दोन बाजूंचा: यांना तो मारायला किती राउंड, आणि त्याला यांच्यातला सगळ्यात किडकिडीत गडी पाडायला किती. दुसरा आकडा एक आला की मी डॅमेज कमी करतो किंवा दोघांत वाटून देतो. संख्येचंही तेच. 2014 च्या नियमात तीन ते सहा राक्षस असले की त्यांच्या एक्सपीची बेरीज दुप्पट धरायची असा गुणक होता. 2024 च्या गाइडने तो काढला, आणि शून्यातून राक्षस बनवायचा तक्ताही काढला. आता आहे त्या राक्षसात फेरफार करा म्हणतात. मला हे पटलेलं नाही. तक्ता ढोबळ होता, मान्य, पण आत काय चाललंय ते दिसत तरी होतं.

"एवढं कशाला, लढाई बिघडली तर पडद्यामागे हिट पॉइंट कमी करायचे की!" असं बरेच डीएम म्हणतात. मला ते आवडत नाही. समोरच्याने जपून ठेवलेला शेवटचा स्पेल विचार करून टाकलेला असतो. राक्षस त्याने मरणार होता की माझ्या दयेने, हे त्याला कळलं तर पुढच्या वेळी तो कशाला विचार करेल? त्यापेक्षा सुटकेची वाट आधीच राक्षसात लिहून ठेवावी. माझ्या गिऱ्ह्याच्या कागदावर लिहिलंय: 30 हिट पॉइंट उरले की हातातलं माणूस सोडतो आणि खोल पाण्यात जातो. चार राउंड तरी वर येत नाही. त्याच्या मागे उडी मारायची की ओल्या कपड्यांनी काठावर बसायचं, ते त्या चौघांनी ठरवावं.