ऐकण्याची परीक्षा पुरे, आता शिकवा

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही महाविद्यालयात आल्यावर इंग्रजी व्याख्यान सुरू झालं की अनेक विद्यार्थी गोंधळतात. शब्द त्यांना येत नसतात असं नाही. पण बोलताना ‘लास्ट वीक’मधला ट गळतो, ‘डिड यू’चं ‘डिज्यू’ होतं आणि कागदावर ओळखीचे असलेले शब्द कानाला परके वाटतात. यावर उपाय म्हणून अनेकदा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओची लिंक टाकली जाते, खाली गूगल फॉर्मवर दहा प्रश्न असतात. त्यातून कोणाला समजलं एवढंच कळतं. ज्याला समजलं नाही, तो कुठे अडला हे त्यालाही कळत नाही आणि शिक्षकालाही. वर्गात ऐकणं तपासलं जातं, शिकवलं जात नाही, ही टीका भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन फील्ड यांनी २००८ मध्ये ‘लिसनिंग इन द लँग्वेज क्लासरूम’ या पुस्तकात केली होती. लिंक आणि फॉर्म म्हणजे तीच जुनी चाचणी, फक्त फोनवर.

फोनचं खरं बळ वेगळं आहे. वर्गात लावलेली ध्वनिफीत सगळ्यांसाठी एकाच वेगाने चालते. फोनवर वीस सेकंदांचा तुकडा प्रत्येकाला हवा तितक्यांदा, वेग कमी करूनही ऐकता येतो. सबटायटल बंद ठेवून ऐकावं, कानावर पडेल ते वहीत लिहावं, पुन्हा ऐकावं आणि मगच संहितेशी ताडून पाहावं. बीबीसीच्या ‘सिक्स मिनिट इंग्लिश’सारख्या कार्यक्रमांची संहिता मोफत मिळते. वहीत जिथे जागा कोरी राहिली, तिथून दुसऱ्या दिवशीचा तास सुरू व्हावा.

सबटायटल असताना एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. पण सबटायटल दिसलं की डोळे वाचू लागतात आणि कानाची सुटका होते. मुलाखतीत समोरच्याच्या बोलण्याखाली अक्षरं उमटत नाहीत. खेड्यात नेटवर्क नसतं, हे खरं आहे. पण काही मिनिटांचा ऑडिओ महाविद्यालयात एकदा उतरवून घेतला की पुढे इंटरनेट लागत नाही. परदेशी उच्चारांचा हट्ट कशासाठी, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. म्हणून सुरुवात एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या भारतीय प्राध्यापकांच्या व्याख्यानांपासून करावी; विद्यार्थ्याला आधी तेच इंग्रजी समजायला हवं आहे. गुण नसतील तर मुलं हे करणार नाहीत, अशी भीती असेल, तर अंतर्गत मूल्यमापनातले थोडे गुण त्या वहीला द्यावेत, आणि तेही चुका खोडून केलेल्या कामासाठी. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी येत्या सत्रात आठवड्याचा एक तास एवढ्याचसाठी राखून ठेवावा.