दगड बघायला कशाला जायचं?

देवाला जाते म्हटलं की आपल्याकडे बाईला सहसा कुणी अडवत नाही. पंढरपूर म्हणा, तुळजापूर म्हणा, सासूबाई स्वतः दशम्या बांधून देतात, नवरा स्टँडवर सोडायला येतो आणि शेजारीण अकरा रुपये हातावर ठेवते, ‘‘माझ्या नावानं पेटीत टाका.’’ पण तीच बाई ‘समुद्रातले दगड बघून येते’ म्हणाली तर? ‘‘दगडात काय बघायचं?’’ हा पहिला प्रश्न. ‘‘पैसे वर आलेत का?’’ हा दुसरा. (देवही दगडाचाच असतो म्हणा, पण हा वाद घरात कोण घालणार!)

मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बायका जास्त बाहेर पडतात हे खरं. पण कुठं, हे बघा. माहेर, लग्नकार्य, दवाखाना नाहीतर देव. ‘मला बघायचंय म्हणून’ निघालेली बाई अजून विरळाच.

आमच्या जयसिंगपूरच्या भिशीतल्या अडतीस जणी गेल्या मार्चमध्ये बस करून निघालो, तेही अर्थात देवालाच. गोकर्ण, मुरुडेश्वर, कोल्लूरची मूकाम्बिका आणि उडुपीचा श्रीकृष्ण. उडुपीला कनकदासांच्या झरोक्यातून कृष्णाचं दर्शन झालं, प्रसादाचं जेवण झालं. छापील कार्यक्रमात सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत होतं, ‘वेळ मिळाल्यास मालपे बेट’. वेळ मिळत नाही हे गृहीतच. आम्ही चारपाच जणींनी हट्टच धरला म्हणून बस मालपेला वळली. उडुपीहून जेमतेम सहा किलोमीटर.

मालपे हे मोठं मासेमारी बंदर. तिथून बोटीनं वीस-पंचवीस मिनिटांवर सेंट मेरीज बेटं आहेत. वास्को द गामा १४९८ मध्ये इथं उतरला आणि त्यानं मेरीमातेचं नाव दिलं, असं सांगतात. मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, पाणी उथळ. आधी लहान होडीत उतरायचं, मग वाळूत. वाळू तरी कसली, पायाखाली शिंपल्यांचा नुसता चुरा! आणि समोर नारळाची झाडं, त्यांच्या पुढं दगडांचे खांब. एकाला एक खेटून उभे, कुणी सुताराकडून तासून घेतल्यासारखे. पाच बाजू, सहा बाजू, कुठं सात. काही माझ्या गुडघ्याएवढे, काही दोन पुरुष उंच. वरून पाहिलं तर मधमाश्यांचं पोळंच.

हे कुणी घडवलेलं नाही. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटत होते, तेव्हा जमिनीतून वर आलेला तप्त रस इथं साचला आणि निवत गेला. निवताना तो आक्रसला. उन्हाळ्यात तळं आटलं की चिखलाला कशा चौकटी-चौकटींच्या भेगा पडतात, तशाच याला पडल्या आणि वरून खाली खोल उतरत गेल्या. भेगांच्या मधे राहिले ते हे खांब. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे तुमच्या-माझ्या पाट्या-वरवंट्याचा दगड, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. मालपेचा हा दगड त्याच्याहूनही दोनेक कोटी वर्षांनी वडील! भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हटलंय. आमच्यातल्या एकाहत्तर वर्षांच्या मावशी एका खांबावर तळवा टेकून उभ्या राहिल्या. चौथी शिकलेल्या. म्हणाल्या, ‘‘आमच्या जात्याचा थोरला भाऊच की गं हा.’’ भूगोलाच्या पुस्तकात मला हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

पण माझं म्हणणं दगडांबद्दल कमी आणि मागं राहिलेल्या बायकांबद्दल जास्त आहे. अडतीस जणींपैकी बोटीत बसल्या सत्तावीस. बाकीच्या अकरा जणी धक्क्यावरच. ‘‘तुम्ही जाऊन या, आम्ही सामान सांभाळतो.’’ आता सांगा, सामान होतं बसमध्ये, बसला ड्रायव्हर होता. उरल्या नुसत्या पर्सा. सामान हे निमित्त असतं हो. बाईला कुठंतरी मागं थांबायचं असलं की सामान लगेच सापडतं. गडाच्या पायथ्याशी, बागेच्या फाटकाशी, जत्रेतल्या पाळण्याखाली मांडीवर पिशव्या घेऊन कोण बसलेलं दिसतं? एकदा मोजून बघा.

त्या अकरांत एक काकू होत्या. त्यांना यायचं होतं, अगदी पदर खोचून तयार होत्या. तिकिटाच्या रांगेतून त्यांनी मुलाला फोन लावला. का, तर विचारलेलं बरं. पलीकडून तो म्हणाला, ‘‘नको आई, उगीच रिस्क कशाला?’’ काकूंनी फोन ठेवला आणि रांगेतून बाहेर आल्या. हाच मुलगा बिनहेल्मेटचा कोल्हापूरपर्यंत मोटारसायकल उडवतो, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी म्हटलं, ‘‘काकू, चला हो.’’ तर म्हणाल्या, ‘‘आता विचारलंय ना, मग ऐकायला नको का?’’ यावर काय बोलणार! प्रेमापोटीच बोलला असेल तो. पण बासष्ट वर्षांच्या, दोन बाळंतपणं आणि एक ऑपरेशन पार केलेल्या बाईला वीस मिनिटांच्या बोटीचा निर्णय स्वतःचा स्वतः घेता येऊ नये, हे मला पटत नाही.

धोका नसतोच असं मी म्हणणार नाही. याच बेटावर एप्रिल २०२२ मध्ये केरळातून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, माणसं गेली. त्या बोटीवरच्या अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. म्हणूनच सांगते, भीती वाटत असेल तर ती जॅकेटचे पट्टे आवळण्यात घालवा, धक्क्यावर बसण्यात नको. आमच्याच बोटीत काय चाललं होतं? ‘‘साडी चुरगळते’’, ‘‘फोटोत ब्लाऊजचं डिझाइन दिसत नाही’’, ‘‘किती जणांनी घातलेलं असेल, वास येतोय’’. दोघीतिघींनी तर ते नुसतं मांडीवर घेतलं, शाल घ्यावी तसं. मांडीवरचं जॅकेट पाण्यात काय कामाचं? पदर आधी कमरेला खोचायचा, वरून जॅकेट, सगळे पट्टे लावायचे आणि खांद्याशी वर ओढून बघायचं. हनुवटीपर्यंत वर आलं तर ते सैल आहे, सरळ दुसरं मागायचं. कमी पडत असतील तर बोट सोडू द्यायची नाही. तिकिटाचे पैसे मोजलेत आपण.

होडीत उतरताना बोटीवरचा पोरगा हात पुढं करतो, तो धरा. परक्या माणसाचा हात कसा धरायचा म्हणून एक वहिनी अंग चोरून उतरायला गेल्या आणि गुडघा सोलून घेतला. खांबांवर पाणी आलेलं असेल तिथं चढू नका, शेवाळ असतं. दोरी किंवा जाळी लावली असेल तर ती आपल्यासाठीच असते. पावसाळ्यात या बोटी बंद असतात, ऑक्टोबरनंतर जायचं.

आणखी एक गोष्ट, जी सहलीच्या कुठल्याच पत्रकात छापत नाहीत. त्या सत्तावीस जणींपैकी निम्म्या तरी सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या. कारण सांगायला नकोच. मार्चचं ऊन, वर बोटीचं हेलकावणं, आणि पोटात घोटभर पाणी नाही. परतताना एकीला घेरी आली, तिनं बिचारीनं दोष दिला समुद्राला! बस ठरवताना आपण एसी विचारतो, पुशबॅक विचारतो, जेवणात गोड काय ते विचारतो. स्वच्छतागृहाचं मात्र लाजून विचारत नाही. पुढच्या खेपेला पैसे भरण्याआधी बाकी काही विचारू नका, हे विचारा, आणि तेही पुरुष आयोजकाच्या तोंडावर, मोठ्यानं. आमच्या आयोजकाचं उत्तर होतं, ‘‘बायका काय, करतात ॲडजस्ट.’’

संध्याकाळी बसमध्ये मावशींनी मूठभर शिंपले दाखवले. काकूंनी ते हातात घेतले, मोजले, परत दिले. ‘‘काय होतं गं तिथं?’’ असं त्यांनी कुंदापूर येईपर्यंत तीनदा विचारलं.

असे खांब आपल्याकडेही आहेत बरं का. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, वर गावदेवीचं देऊळसुद्धा. आणि आम्हाला जवळ म्हणजे पन्हाळ्याकडचं बांदिवडे. दिवाळीनंतरच्या भिशीत तिथं जायचं ठरलंय. वाटेत देव नाही, हे आयोजकाला आधीच सांगून ठेवलंय. काकूंनी पैसे पहिल्याच दिवशी भरले आणि मुलाला ते नंतर कळवलं. पर्सा बसमध्ये ठेवून दाराला कुलूप घालायचं, एवढं मी ड्रायव्हरशी बोलून घेतलंय.