मौन आणि दिशाभूल

सहकाऱ्याची नोकरी लवकरच जाणार, हे आपणांस ठाऊक आहे. त्याला मात्र नाही. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार, म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. अशा वेळी यादी आधी पाहणाऱ्या प्रत्येकापुढे हा पेच असतो. वाशीच्या बाजारातील पेढीवरही तो येतो: शेठजींचा निर्णय मेहताजींना कळतो, गुमास्त्याला नाही.

मालकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट राखणे हे कर्तव्यच होय. परंतु तोच गुमास्ता खारघरला घर घेण्यासाठी कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी आपला सल्ला विचारू लागला, तर? ‘खुशाल घ्या, काळजी कसली?’ हे उत्तर मौन नव्हे, दिशाभूल आहे. बँक पगारपत्रक पाहून कर्ज देते. पगार थांबला तरी हप्ता थांबत नाही. थकबाकी 90 दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादित ठरते.

म्हणून खोटा धीर देऊ नये. ‘सहा महिन्यांचे हप्ते शिलकीत असल्याखेरीज सही करू नका,’ हा सल्ला कोणालाही देता येतो आणि त्याने विश्वासभंग होत नाही. त्याच दिवशी शेठजींना भेटून, ‘तो कर्ज घेतो आहे, त्याला आजच सांगा,’ असे स्पष्ट म्हणावे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण स्वतः मालक आहेत. निर्णय आपला असेल तर तो सांगण्याचे ओझे मेहताजींवर टाकू नये. महिनाभर आधी कळले, तर माणूस दुसरे काम शोधू शकतो.