हेवी डिपॉझिट ही कमाई नव्हे, कर्ज आहे

मुंब्रा, कुर्ला, भिवंडी या भागांत दुकानदाराच्या किंवा कारागिराच्या हाती चार पैसे जमले की एखादी खोली घेऊन ती भाड्याने देण्याचा विचार मनात येतो. विचार वाईट नाही. भाडे ही हलाल कमाई आहे आणि हात थकल्यावर तिचाच आधार होतो. परंतु खोली कोणत्या पैशांतून घ्यावी व कशी द्यावी, याचा विचार आपले बंधू करीत नाहीत.

प्रथम हिशेब पाहू. समजा, २५ लाखांची खोली घेतली आणि महिना ९ हजार भाडे ठरले. वर्षाचे १ लाख ८ हजार झाले. त्यातून सोसायटीचे १८ हजार, घरपट्टी ४ हजार, डागडुजी ५ हजार आणि खोली एक महिना रिकामी राहिली तर ९ हजार वजा करा. हाती राहिले ७२ हजार, म्हणजे शेकडा तीनसुद्धा नाहीत. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी वेगळीच. म्हणून सूत किंवा माल भरण्याचा पैसा खोलीत अडकवू नये. धंद्याला वर्षभर लागणार नाही, एवढीच रक्कम यात घालावी.

हा हिशेब जमत नाही असे दिसले की मालक हेवी डिपॉझिटकडे वळतो. भाडे नाममात्र किंवा अजिबात नाही, त्याऐवजी ४-५ लाख एकरकमी घ्यायचे. त्यातून खोलीचे उरलेले देणे फेडायचे किंवा दुसऱ्या खोलीचे बयाणा द्यायचे. अकरा महिन्यांनी भाडेकरू पैसे मागतो तेव्हा ते नसतात. मग नवा भाडेकरू शोधून त्याच्या पैशांतून जुन्याला द्यायचे. नवा मिळाला नाही की तंटा सुरू होतो. भाडेकरूने ती रक्कम बहुधा दागिने मोडून आणलेली असते. पैसे मिळाल्याशिवाय तो खोली सोडत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

डिपॉझिटला आपण अनामत म्हणतो. हा शब्द अमानतवरूनच आला आहे. परत करायची रक्कम खर्चून टाकली की ती मालकाच्या डोक्यावरचे कर्ज होते. कर्ज देऊन त्याच्या मोबदल्यात फुकट राहणे, हा कर्जावरील लाभ ठरतो, म्हणून अनेक उलेमांनीही या व्यवहारावर आक्षेप घेतला आहे. सरळ मार्ग असा की भाडे बाजारभावाने घ्यावे, डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतके असावे आणि ते खर्च न करता बाजूला ठेवावे.

करारनामा लेखी व नोंदणीकृत हवा. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. ओळखीचा माणूस आहे म्हणून कोऱ्या कागदावर व्यवहार करू नये.

शेवटची गोष्ट इमारतीची. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. घरपट्टीची पावती मिळाली म्हणजे इमारत कायदेशीर ठरत नाही. स्वस्त मिळते म्हणून अशी खोली घेणारा आपला पैसा धोक्यात घालतो आणि भाडेकरूच्या मुलाबाळांचा जीवही.

एक खोली उशिरा घेतली तरी चालेल. ती स्वतःच्या बचतीतून, कागदपत्रे तपासून घ्यावी. दुसऱ्याच्या अमानतीवर उभ्या केलेल्या तीन खोल्यांपेक्षा तिच्यात अधिक बरकत आहे.