फ्लेमिंगोच्या भिंतीवर कुणीच का चिडत नाही?

नेरूळहून ऑफिसला जाताना मला रोज फ्लेमिंगो दिसतात. खाडीत नव्हे, भिंतींवर आणि पुलाच्या खांबांवर. नवी मुंबईला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणायचं ठरलं आणि शहर गुलाबी झालं. आम्ही सेल्फी काढले. मीही काढलाय.

एप्रिल २०२४मध्ये याच नेरूळच्या डीपीएस तलावात खरे फ्लेमिंगो मरून पडले. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या होत्या, तलाव आटला होता. भिंतीवरचे पक्षी मात्र टवटवीत होते. आमच्या कामात असं होतं कधीकधी: सर्व्हर पडलेला आणि डॅशबोर्ड हिरवागार. त्या हिरव्या रंगाला आम्ही सजावट म्हणत नाही, बग म्हणतो.

सार्वजनिक कलेवर आपण चिडतच नाही, असं नाही. जानेवारी २०१७मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकरींचा पुतळा उखडून मुठा नदीत टाकला गेला. कारण, 'राजसंन्यास' या अपूर्ण नाटकातलं संभाजी महाराजांचं चित्रण. ती तोडफोड मला अजिबात मान्य नाही. नाटकाशी वाद असेल तर तो वाचून, लिहून घालावा. पण बागेतला पुतळा काहीतरी सांगत असतो, हे तेव्हा भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना मान्य होतं.

मग भिंत काहीच सांगत नाही का? पुतळा कुणाचा, हे कळलं की चिडायचं की हार घालायचा ते आपण लगेच ठरवतो. पक्ष्याला ना जात, ना पक्ष. म्हणून त्याचं चित्र आपल्याला निरुपद्रवी वाटतं.

"सुशोभीकरण आहे रे, त्यात काय एवढं?" मित्र म्हणतो. शहर छान दिसतं, पेंटरला काम मिळतं, हे खरंच. पण सीवूड्सच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि इमारती उभारायचा घाट याच शहरात घातला गेला होता. तो २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अडला. अशा शहरात भिंतीवरचा फ्लेमिंगो एक दावा करत असतो: इथे सगळं ठीक आहे. वाद घालायचा तर या दाव्यावर घाला.

चित्र पुसू नका, त्याला काळंही फासू नका. त्याच्या शेजारी फक्त एक पाटी मागा: तलावात आज पाणी किती, पक्षी किती. पुढचा सेल्फी त्या पाटीसोबत काढू.